वाचते, पण शब्द टिकत नाहीत

जर्मनीत नर्सिंगसाठी जायची तयारी करणाऱ्यांकडून हे मी नेहमी ऐकते. सांगलीकडची एक स्टाफ नर्सही हेच घेऊन आली: "मॅडम, इतकं वाचते, पण शब्द लक्षातच राहत नाहीत. माझं डोकं भाषेचं नाही का?"

जर्मनच्या ए१ ते सी२ अशा चढत्या पातळ्यांपैकी बी१ झालेली, बी२ची तयारी चाललेली. नर्स म्हणून मान्यता मिळायला तिथे साधारणपणे बी२ लागतं. दिवसा वॉर्ड, रात्री एका जर्मन कादंबरीशी झटापट. मी वही मागितली. शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ, पानंच्या पानं. एक नोंद होती, "ह्योर्ट – ऐकतो". मूळ वाक्य शोधायला लावलं: "एर ह्योर्ट मिट डेर आर्बाइट आउफ". शेवटचा "आउफ" त्या क्रियापदाचाच सुटलेला तुकडा, आणि दोन्ही मिळून अर्थ होतो थांबवणं. बिचारा काम थांबवत होता आणि हिच्या वहीत तो काम "ऐकत" होता! शब्द अडला की हात मोबाइलवर, त्यामुळे वाक्याच्या टोकापर्यंत ती पोचायचीच नाही.

डोक्याचा दोष नव्हता, पुस्तक झेपणारं नव्हतं. वाचनातून शब्द शिकण्यावर पॉल नेशन यांचं बरंच संशोधन आहे. मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांत एखादाच नवा. हिला ओळीओळीला दोन-तीन अडत होते. शिवाय शब्द एकदा भेटून राहत नाही, वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. इतक्या संथ वाचनात ती दुसरी भेटच होत नाही.

"बी२ला बसायचं आणि बी१चं वाचायचं?" तिला ते कमीपणाचं वाटलं. मी म्हटलं, हो. डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे बी१साठीचे लेख, सोप्या भाषेतल्या गोष्टी. आधी लेख पुरा वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली नुसती रेघ. जो पुन्हा पुन्हा आडवा येईल तोच बघायचा आणि वहीत अख्खं वाक्य उतरवायचं. नाम असेल तर त्याचं लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, डाससकट. (आजारांची, औषधांची नावं मात्र सरळ पाठ करावीत, तिथे माझी ना नाही.)

काही महिन्यांनी तक्रार बदलली: वाचताना कळणारा शब्द बोलताना तोंडात येत नाही. तेही साहजिकच, ओळखणं वेगळं आणि वापरणं वेगळं. आता वाचलेला लेख ती नाइट ड्यूटीच्या मैत्रिणीला जर्मनमधून सांगते. मैत्रीण अजून ए२ला आहे, त्यामुळे दर दोन वाक्यांनी तिला अडवते.