धावणं जड झालंय? आधी आठवडाभर थांब

पावसाळ्यात छान धावत होतास आणि ऑक्टोबर लागताच तीन किलोमीटरला पाय उचलेनात, यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे कोकणात त्या महिन्यात ऊन तापतं आणि हवा दमटच राहते. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. घड्याळातला वेग बघणं बंद कर. बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढंच धाव, धाप लागली की चाल.

आधी एक आठवडा मात्र धावूच नकोस. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोज, वहीत लिही. पुढे धावायला लागल्यावरही मोजत राहा; नेहमीपेक्षा मिनिटाला ७-८ ठोके जास्त दिसले तर तो दिवस विश्रांतीचा. परत सुरू करशील ते निम्म्या अंतराने.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर धावायला जायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. उतारामुळे एकच पाय सतत खाली पडतो नि गुडघा कुरकुरतो, म्हणून जाताना जेवढं तेवढंच येताना. भुसभुशीत वाळू सध्या नकोच, पोटऱ्या भरून येतात.

रिकाम्या पोटी धावायचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं देव जाणे, ते सोड! आल्यावर मीठ घातलेली पेज आणि अंडं खा.

झोप पुरेशी होऊनही दोन-तीन आठवड्यांत थकवा हटला नाही तर डॉक्टरांना दाखव; हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासून घे. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तेवढीही वाट बघायची नाही.