पुण्याहून दरवर्षी दिवाळीला नाहीतर नाताळात महाबळेश्वर, यंदा सोलापूरला बहिणीकडे जायचंय, दोन मुलं सोबत आहेत. सुट्टीत तिथे करण्यासारखं काही आहे का, की उगाच जाऊन बसायचं?

आहे की ओ, भरपूर आहे, पण आधी एक गोष्ट डोक्यातून काढा ती म्हणजे थंड हवेचं ठिकाण. आमच्याकडे डोंगर नाही, धुकं नाही, पॉइंट-बिंट नाहीत, आणि ऑक्टोबरात आलात तर दुपारी ऊन असं लागतं की मुलं घराबाहेर पडायला तयार होणार नाहीत. महाबळेश्वरला कधीही गेलं तरी दरी तिथेच असते, सोलापूरचं तसं नाही, इथे कधी येताय त्यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की काय बघू हे नंतर, आधी तारीख ठरवा. दिवाळी, नाताळ आणि संक्रांत, तिन्ही वेळचं सोलापूर वेगवेगळं आहे आणि माझं मत विचाराल तर दिवाळी सर्वात शेवटच्या नंबरवर.

तरी दिवाळीलाच यायचं असेल तर नळदुर्ग करा. हैदराबाद रोडला पन्नासेक किलोमीटर, जिल्हा धाराशिव लागतो पण सोलापूरकर तो आपलाच समजतात. किल्ल्यात बोरी नदीवर धरणाची भिंत बांधलीय आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम, १६१३ सालचं. पाऊस चांगला झाला असेल आणि वरचं धरण भरून वाहत असेल तर भिंतीवरून दोन मोठे धबधबे पडतात, नर आणि मादी म्हणतात त्यांना, आणि महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी आपल्या समोरून खाली जातं आणि आपण कोरडे. पण हे सगळं पावसावर आहे, ऑक्टोबर संपता संपता धार बारीक होते नाहीतर बंदच, त्यामुळे निघायच्या आधी बहिणीला सांगून कुणाकडून तरी पाणी चालू आहे का विचारून घ्या, नाहीतर मुलांना कोरडी भिंत दाखवावी लागेल. पाणी नसलं तरी उपळी बुरुजावर चढून तोफा बघता येतात आणि किल्ला प्रचंड मोठा आहे, टोपी आणि पाणी सोबत ठेवा म्हणजे झालं.

दसऱ्याच्या सुट्टीत आलात तर तो आणखी वेगळा विषय. नवरात्रात रूपाभवानीच्या देवळात पहाटेपासून रांग, शहराच्या पूर्व भागात पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा खेळतात (हे पुण्यात बघायला मिळणार नाही, मुलींना नक्की दाखवा), आणि कोजागरीला तर सोलापूरहून तुळजापूरला लोक रात्रभर चालत जातात, पंचेचाळीस किलोमीटर, लाखोंनी. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर झोपते ती थेट पौर्णिमेपर्यंत, आणि ती उठायच्या वेळेला पोचायचं म्हणून ही सगळी गर्दी. वाटेत जागोजागी चहा, दूध, केळी, पाय चोळायला तेल घेऊन पोरं उभी असतात. लहान मुलांना घेऊन पूर्ण चालायच्या भानगडीत पडू नका, रात्री गावाबाहेर रस्त्याच्या कडेला तासभर उभं राहिलं तरी कळतं काय चाललंय ते. आणि त्या दोन दिवसांत गाडीने तुळजापूरला जायचा प्लॅन तर अजिबात करू नका, वाहतूक वळवलेली असते.

आता नाताळ. इथून खरी मजा सुरू होते. पहाटे स्वेटर, दुपारी शर्ट, असं हवामान आणि शेतात ज्वारी दुधावर आलेली. म्हणजे हुरडा! पुण्याच्या आसपास हुरडा पार्टी म्हणून जे मिळतं त्यात डीजे, रेनडान्स, उंटावरची चक्कर आणि शेवटी वाटीभर हुरडा असतो, ते खाऊन मत बनवू नका. इथे बहिणीच्या ओळखीत कुणाचं शेत निघतंच, नसेल तर गावाबाहेर माणशी पैसे घेऊन करून देणारे शेतकरी आहेत, साधेच असतात, तेच चांगले. सकाळी नऊ-दहाला पोचा. जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून निखारा झालेला, ती आगटी. आगटीच्या भोवती बसायचं, एक जण कणसं राखेत खुपसत असतो, भाजली की बाहेर काढून तो गरम कणीस तळहातावर नाहीतर पोत्याच्या तुकड्यावर चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि तुमच्या ताटात हिरवेगार दाणे पडतात, ते लगेच खायचे, गार झाले की गेली मजा. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही, गोडीशेव, बोरं, ढाळं म्हणजे ओला हरभरा, ऊस आणि शेवटी ताक. चोळणाऱ्याचे हात बघा एकदा, इतकं गरम कणीस हातात धरून तो गप्पा मारत असतो आणि तुमच्या मुलाने एक दाणा उचलला तरी मूल चटक्याने ओरडेल. गूळभेंडीची ज्वारी असेल तर नशीब, ती गोड आणि मऊ, हुरड्यासाठीच लावतात. एका शेतात हुरडा आठ-दहा दिवसच चालतो, मग दाणा कडक होतो, आणि पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर असल्यामुळे कधी सगळंच पुढे ढकललं जातं. म्हणून दोन-तीन आठवडे आधी फोन करून ठेवा.

याच दिवसांत मार्गशीर्ष अमावस्या येते, वेळ अमावस्या, आमच्याकडे अक्कलकोट, बार्शीकडे आणि पुढे धाराशिव-लातूरकडे येळवस म्हणून जोरात करतात. त्या दिवशी बाजारपेठा ओस आणि सगळे शेतात. कडब्याची खोप उभी करून आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग जेवण, बाजरीचे उंडे, आंबिल, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, त्या हंगामातल्या जेवढ्या शेंगा आणि पालेभाज्या मिळतील तेवढ्या एकत्र शिजवून बेसन लावलेलं पातळसर प्रकरण, वर्षातून एकदाच होतं आणि त्यातच त्याची चव आहे. येळवशीला ओळखीपाळखीच्या लोकांना शेतात बोलवायची पद्धत आहे, बहिणीला आमंत्रण आलं तर तुम्हाला सोबत घेऊन जायला कुणी नको म्हणणार नाही, उलट दोन जेवणं जबरदस्तीने होतील. तारीख दरवर्षी बदलते, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीचा दुसरा आठवडा, पंचांग बघा.

मुलांना प्राणी-पक्षी आवडत असतील तर एक पहाट नान्नजला द्या, बार्शी रोडला वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं, पण माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता जवळजवळ संपल्यात जमा आहे आणि गावातल्या अर्ध्या लोकांनी तो फक्त बोर्डावर पाहिलाय. काळवीट मात्र कळपाने दिसतात, नशीब असेल तर लांडगा, आणि थंडीत बाहेरून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून अगदी खालून उडत असतात. सूर्य उगवायच्या आत पोचलात तरच अर्थ आहे. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव पण आहे, तिथे थंडीत पाहुणे पक्षी उतरतात, येता-जाता थांबा.

देवस्थानांचं थोडक्यात सांगतो कारण ते बहीण तुम्हाला नेणारच. अक्कलकोट चाळीस किलोमीटर, पण दत्तजयंतीला आणि गुरुवारी टाळा. पंढरपूर सत्तर-बहात्तर, कार्तिकीला टाळा, एरवी सकाळी जा. मला विचाराल तर यापेक्षा हत्तरसंग कुडलला जा, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे, नदीकाठचं जुनं देऊळ, शेकडो मुखं कोरलेलं एक शिवलिंग, आणि शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. सर्वात जुना मराठी लेख कोणता यावर अभ्यासक भांडतात, रायगड जिल्ह्यातले आक्षीवाले त्यांचा १०१२ चा सांगतात, ते भांडू देत, आपण घाटावर बसून भाकरी खायची. हॉटेल वगैरे काही नाही तिथे, डबा घेऊन जा.

आणि आता संक्रांत. तुम्हाला जानेवारीत चार दिवस रजा मिळत असेल तर बाकी सगळं सोडा आणि तेव्हाच या. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, त्यांची यात्रा म्हणजे गड्डा. गोष्ट अशी की एका कुंभारकन्येने सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला, त्यांनी सांगितलं मी करणार नाही, माझ्या योगदंडाशी कर, ते लग्न आजही दरवर्षी लागतं. योगदंडाचं रूप म्हणजे नंदीध्वज, उंच काठ्या, एकूण सात. भोगीच्या आदल्या दिवशी उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघून गावाभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, पूर्ण दिवस जातो. भोगीला अक्षता, संमती कट्ट्यावर, तळ्याच्या काठी. संक्रांतीच्या रात्री होम, बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून ती कुंभारकन्या म्हणून होमात देतात. किंक्रांतीला शोभेचं दारूकाम.

यातलं एकच बघायचं असेल तर अक्षता बघा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, लाख-लाख लोक, कट्ट्यावरून संमतीचे शब्द वाचले जातात आणि सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम आलं की सगळीकडून अक्षता उडतात, तांदूळ केसात, कॉलरमध्ये, खिशात. नंदीध्वज एकावेळी एकच माणूस अंगावर तोलून उभा धरतो, बाजूचे फक्त सांभाळायला, आणि तो जरा कलला की एवढ्या गर्दीतून जो आवाज निघतो ना... दुपारची वेळ असते पण सकाळी लवकर जाऊन जागा धरा, मुलं लहान असतील तर कट्ट्याच्या अगदी पुढे घुसू नका, कुणाच्या तरी गच्चीची ओळख काढा, सोलापुरात ओळख निघते. होमाच्या रात्री देशमुखांचं वासरू आणून भाकणूक पण सांगतात, वासराने काय हुंगलं, काय खाल्लं, बिथरलं की शांत राहिलं यावरून पाऊस आणि भाव, आमच्याकडचे शेतकरी दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये आधी ते वाचतात. आणि होम मैदानावर जत्रा, पाळणे, मौत का कुआँ, खाजा, भेळ, ती तर बराच काळ चालते, मुलांना तेवढंच लक्षात राहील, राहू द्या.

नाताळात आलात आणि संक्रांतीला थांबता येत नसेल तर संध्याकाळी जेवणानंतर जुन्या गावात एक चक्कर मारा, डिसेंबरात नंदीध्वज उचलायचा सराव सुरू असतो, तरणी पोरं वजनदार काठी घेऊन रस्त्यावर. तिकीट नाही, गर्दी नाही, आणि जवळून बघता येतं.

संक्रांतीच्याच आठवड्यात १२ जानेवारी पण येते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्याला फाशी दिलं. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने इंग्रजांचा कारभार काही दिवस बंद पाडला होता, त्यावर मार्शल लॉ लावून उगवलेला सूड तो. गावात चार पुतळा म्हणतात तिथे त्या दिवशी हार घालायला गर्दी असते. तुम्ही ज्या हुतात्मा एक्सप्रेसने याल तिचं नाव यांच्यावरूनच आहे हे मुलांना गाडीतच सांगा, म्हणजे पुतळे बघताना कंटाळणार नाहीत.

राहता राहिली खरेदी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्याच, दोन्ही टिकतात, भाकरी मात्र प्रवासात हाताच्या सामानात ठेवा, बॅगेत घातली तर घरी चुरा पोचेल. चादर घेताना फक्त सोलापुरी असं छापलेलं बघून घेऊ नका, स्टेशनसमोर मिळणारं सगळंच इथलं नसतं. उलटी करून बघा, खरी जॅकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी विणलेली असते, फक्त रंग अदलाबदल होतो, आणि छापील असेल तर मागची बाजू फिकट दिसते. पूर्व भागात यंत्रमागवाल्यांकडे थेट गेलात तर चालू मागावर चादर विणताना पण बघता येईल, आधी विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, फक्त आत आवाज इतका असतो की दुकानदाराशी भाव करायचा तर बाहेर येऊन करा.