सात दिवस गप्प बसलेले मित्र

प्रश्न : माझी मुलगी आठवीत होती. गेल्या भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत गेली. घरात तीन पिढ्यांची वारी आहे. भेटायला येणारे म्हणतात, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. मी माळ काढून देवघरात ठेवलीय, गळ्यात घालवत नाही. मागच्या अंकात तुम्ही ज्यूंच्या ईयोबाचं नाव घेतलं होतं. एवढं सोसून त्याची श्रद्धा कशी टिकली?
– एक शेतकरी, उमरगा तालुका

उत्तर : दादा, ‘मागच्या जन्मीचं’ या शब्दांपाशी मी थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या घराचं माळवद आईवर आणि धाकट्या भावावर कोसळलं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा एक गृहस्थ आले आणि या भागात पाप फार झालं होतं, असं सांगून गेले. माझा भाऊ नऊ वर्षांचा होता.

ज्यूंच्या बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ मी वाचला तो त्यामुळेच. त्याची सात मुलं, तीन मुली एका घरात जेवायला बसली होती. वाळवंटाकडून वारा सुटला आणि ते घर त्यांच्यावर पडलं. ‘देवाने दिलं, देवाने नेलं’ हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण ग्रंथाचे अध्याय ४२ आहेत आणि ते वाक्य पहिल्यातच येऊन जातं. पुढे तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, माझा गुन्हा दाखव म्हणून देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. मग बोलू लागतात आणि सगळं बिघडतं. निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का, असं ते त्यालाच विचारतात.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. कारण सांगतच नाही. पण मित्रांना म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला! हे मी कितीतरी वेळा वाचलंय, अजून अंगावर काटा येतो.

ज्यू गुरूंनी यावरून नियमच केला. ज्याच्यावर दुःख कोसळलंय, जो आजारी आहे, ज्याने आपली मुलं पुरली आहेत, त्याच्याशी ईयोबाच्या मित्रांसारखं बोलू नये, असं तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात आहे. दुःख आलं की आपलं वागणं तपासावं, असंही त्याच ग्रंथात आहे, पण ते ज्याचं त्याने तपासायचं. आजही त्यांच्यात जवळचं माणूस गेलं की घरचे सात दिवस बसतात आणि त्यांनी तोंड उघडेपर्यंत आलेल्याने बोलायचं नसतं. आमच्या शेडमध्ये शेजारच्या आजी दुपारी यायच्या, पिठलं-भाकरी ठेवून भिंतीशी टेकून बसायच्या. त्यांचं स्वतःचं घरही पडलेलं होतं.

तालमूदमधले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, योहानान यांची दहा मुलं गेली होती. आजारी मित्राला भेटायला ते गेले, तर तो रडत होता. दोघेही रडले. मग त्यांनी विचारलं, ही दुःखं तुला प्रिय आहेत का? मित्र म्हणाला, दुःखंही नकोत आणि त्यांचं फळही नको. योहानान यांनी त्याला उपदेश केला नाही. हात दे म्हणाले आणि त्याला उठवलं.

तुम्ही श्रद्धा टाकलीत, असं मला वाटत नाही. माळ तुम्ही देवघरातच ठेवलीत. ती तिथेच राहू द्या. विठ्ठलासमोर जे बोलायचं ते बोला, आवाज चढला तरी चढू द्या. गळ्यात घालावीशी वाटेल तेव्हा घाला. तोवर ‘मागच्या जन्मीचं’ म्हणणाऱ्यांना चहा द्या, उत्तर देऊ नका.

मुलीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात कळवा. तिला काय आवडायचं, तेही लिहा.