लखनौची शाळा, सांगलीचे आजोबा

(या महिन्यात एकाच घरातून तीन ईमेल आले. आधी सूनबाईंचा, मग आठवड्याने सासऱ्यांचा, आणि तिसरा कोणाचा ते शेवटी कळेलच. तिघांनाही एकमेकांनी लिहिलंय हे माहीत नसावं असं दिसतंय, आता अंक हातात पडल्यावर कळेल. मध्ये पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न घेतलाय कारण तो याच शाळेचा निघाला.)

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही मूळचे सांगलीचे, मिस्टरांच्या बदलीमुळे लखनौला आलोय. मुलगा सातवीत आहे, ला मार्टिनिअर कॉलेजला, सध्या डे-स्कॉलर. पुढची बदली झाली तर त्याला तिथंच होस्टेलला ठेवायचा विचार आहे. तो रोज येऊन काहीतरी अचाट सांगतो, शाळेत तोफ आहे, शाळेच्या खाली तळघरात ज्याने शाळा काढली त्याला पुरलंय, त्याने स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं वगैरे. यातलं खरं किती? आणि अशा जुन्या शाळेत होस्टेलला ठेवावं का? – एक आई, लखनौ

ताई, गंमत म्हणजे तुमचा मुलगा काहीच वाढवून सांगत नाहीये, उलट बरंच राहिलंय त्याचं सांगायचं.

तर ज्याने शाळा काढली तो क्लॉड मार्टिन, 1735 साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात जन्मला. साधा शिपाई म्हणून फ्रेंचांच्या फौजेतून पाँडिचेरीला आला, तिकडे फ्रेंचांचं पानिपत व्हायला लागल्यावर सरळ इंग्रजांना जाऊन मिळाला, आणि पुढे लखनौला नवाब असफउद्दौलाच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला. तिथं याने पैसा किती केला म्हणाल तर विचारू नका. तोफा ओतल्या, निळीचा व्यापार केला, सावकारी केली, घरं बांधून भाड्याने दिली, नवाबाला हव्या त्या युरोपियन वस्तू मागवून दिल्या, हॉट एअर बलूनचे प्रयोगसुद्धा केले. आणि ऑपरेशनचं म्हणाल तर मूत्राशयात खडा झाला होता त्याला, डॉक्टरकडे न जाता स्वतःच एका तारेला कानशीसारखी धार करून ती आत सरकवायचा आणि खडा घासत बसायचा, दिवसातून अनेकदा, काही महिने. आणि बरा झाला! त्या काळातल्या सर्जनांनी या गोष्टीची दखल घेतलेली आहे. (कृपया घरी करून बघू नये.)

तोफही खरी. 'लॉर्ड कॉर्नवॉलिस' नाव तिचं, मार्टिनने 1786 साली लखनौला ओतलेली. ती 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपूविरुद्ध वापरली गेली, आणि त्या मोहिमेत इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याच्या बाजूला मराठ्यांची फौजही होती, हरिपंत फडके स्वतः होते. म्हणजे ज्या तोफेशेजारी तुमचा मुलगा डबा खात असेल तिचा आवाज आपल्या लोकांनी ऐकलेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता कबर. मी बऱ्याच वर्षांपूर्वी लखनौला गेलो होतो तेव्हा परवानगी काढून खाली उतरलो होतो. वर ती कॉन्स्टँशिया नावाची अवाढव्य इमारत, गच्चीवर पुतळेच पुतळे, सिंह, कमानी, अर्धा राजवाडा अर्धा किल्ला, आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. पायऱ्या उतरत गेलं की एकदम गारवा आणि कुबट वास, आणि मध्ये ती समाधी. वरच्या लेखात त्याने स्वतःबद्दल एवढंच लिहायला सांगितलेलं की हा साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला आणि मेजर जनरल म्हणून मेला, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. एवढा पैसा केलेल्या माणसाने व्हिजिटिंग कार्ड मात्र दोन ओळींचं ठेवलं. मी तिथं असताना वरून घंटा झाली आणि शे-दोनशे बुटांचा आवाज छतातून खाली आला. बिचाऱ्याला दीडशे वर्षं मधली सुट्टी ऐकावी लागतेय असं वाटून गेलं.

स्वतःला तिथं पुरून घेण्यामागे हिशोब होता असं सांगतात. इमारतीत कबर असली की नवाब ती ताब्यात घेणार नाही, कबरीचा मान राखेल. 13 सप्टेंबर 1800 ला तो वारला, म्हणून आजही 13 सप्टेंबरला फाउंडर्स डे असतो. त्या दिवशी प्रवचन व्हावं, गुणी मुलाला मेडल द्यावं, मुलांना जेवण घालावं हे त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलेलं. स्वतःच्या वर्षश्राद्धाचा मेन्यू स्वतः ठरवून गेलेला माणूस! पण मृत्युपत्र इतकं गुंतागुंतीचं की कोर्टकचेऱ्यांत वर्षामागून वर्षं गेली. त्याच्याच पैशातली कलकत्त्याची शाळा 1836 ला उघडली, लखनौची 1845 ला. म्हणजे शाळेसाठी पैसे ठेवून माणूस गेल्यावर 45 वर्षांनी लखनौला पहिली घंटा झाली.

एक गोष्ट मुलगा सांगणार नाही ती मी सांगतो. बुलोन नावाची एक मुलगी मार्टिनने लहानपणीच विकत घेतली होती, ती पुढे त्याची सोबतीण झाली, लोक तिला गोरी बीबी म्हणत. तिची कबर त्याच आवारात आहे. फाउंडर्स डेला संस्थापकाबद्दल चांगलं बोलतातच, बोलावंही, पण ती कबरही एकदा त्याला दाखवा, थोडा मोठा झाला की.

होस्टेलचं म्हणाल तर इतिहास बघून होस्टेल निवडू नका. मी स्वतः चार वर्षं बोर्डिंगमध्ये काढलीत, शाळेचं नाव घेत नाही, तिलाही खूप जुना इतिहास होता आणि मेसच्या डाळीचा इतिहास त्याहून जुना होता. रविवारी घरी पत्र लिहायचा तास असायचा आणि पत्र वॉर्डन वाचून मग पाकिटात घालायचे, त्यामुळे चार वर्षं मी घरी 'मी मजेत आहे' एवढंच लिहिलं. तेव्हा बघायचं ते हे की मुलाला घरी मोकळेपणी फोन करता येतो का, रात्रीच्या प्रेपला, म्हणजे अभ्यासाच्या तासाला, कोणी मोठं माणूस बसतं का नुसता प्रीफेक्ट, म्हणजे वरच्या वर्गातला मॉनिटर, आजारी पडला तर कोण बघतं, आणि सीनियर मुलं ज्युनिअरकडून कामं करून घेतात का. हे शाळेला विचारा, पण त्याआधी एखाद्या बोर्डरच्या आईला विचारा. आणि सगळ्यात आधी मुलाला, कारण डे-स्कॉलर म्हणून जी शाळा आवडते ती संध्याकाळी साडेचारनंतर वेगळीच शाळा असते.

प्रश्न : संपादक महोदय, माझा नातू लखनौच्या एका शाळेत शिकतो. त्याने व्हिडिओ कॉलवर अभिमानाने सांगितले की त्याच्या शाळेला 1857 च्या लढाईतला सन्मान मिळाला आहे. चौकशी केली तर सन्मान इंग्रजांच्या बाजूने लढल्याबद्दल! वर त्याच्या हाऊसचे नाव हडसन. ज्याने बहादूरशहाच्या मुलांना गोळ्या घातल्या तो हडसन! स्वतंत्र भारतात हे चालते कसे? मी सुनेला सांगितले आहे की शाळा बदला. – एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

काका, नमस्कार. तुमचा राग मला कळतो, माझ्या वडिलांनीही हेच लिहिलं असतं, बहुतेक याहून कडक शब्दात.

आधी काय घडलं ते सांगतो. 1857 च्या जूनमध्ये लखनौ पेटायच्या बेतात असताना शाळेची साठ-पासष्ट मुलं, शिक्षक आणि प्रिन्सिपल शिलिंग यांना कॉन्स्टँशिया सोडून रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या कोठ्यांच्या आवारात, हलवलं. 30 जूनला लखनौजवळ चिन्हटला इंग्रज हरले आणि वेढा पडला. मुलांना एक घर दिलं होतं, कानपूर रस्त्याच्या बाजूला, त्याला 'मार्टिनिअर पोस्ट' म्हणायचे, आणि समोरच्या घरातून सतत गोळ्या यायच्या. 10 ऑगस्टला त्या बाजूने भुयारातून सुरुंग उडवला, बाहेरची भिंत कोसळली, मुलं वाचली.

पण मुलं दिवसभर करत काय होती? थोरली काही बंदूक घेऊन पहाऱ्यावर, हे खरं. बाकीची मात्र जात्यावर बसली होती, काका. नोकरचाकर पळून गेलेले, पीठ कोण करणार, तर ही दहा-बारा वर्षांची पोरं दळत होती, पाणी भरत होती, धुणी धूत होती, हॉस्पिटलमध्ये जखमींना पंख्याने वारा घालत होती. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणतात, ती काय म्हणत असतील देव जाणे. पुढे रेसिडेन्सीच्या गच्चीवरून शहराबाहेर आलमबागेतल्या इंग्रज फौजेला निरोप पाठवायला सेमाफोर, म्हणजे हलत्या दांड्यांनी खुणा करायचा खांब, उभा केला, तो कसा करायचा हे कोणालाच येत नव्हतं, एका ज्ञानकोशात बघून जुळवला, त्यातही शाळेची मदत झाली.

'डिफेन्स ऑफ लखनौ 1857' हा सन्मान याबद्दलचा. असा युद्धसन्मान मिळालेली जगातली ही एकच शाळा असं सांगतात.

आता माझं मत. सन्मान कोणी दिला, तर राज्यकर्त्यांनी, स्वतःच्या सोयीची आठवण जपायला, यात वाद नाही. त्या मुलांनी मात्र बाजू निवडली नव्हती. ती मुलं बहुतेक युरोपियन आणि अँग्लो इंडियन घरांतली, त्यांना जिथं नेलं तिथं ती गेली. आणि बाहेर मोर्चे लावून बसलेल्यांची बाजूही न्यायाची होती, अवधचं राज्य इंग्रजांनी वर्षभरापूर्वीच, 1856 ला, गिळलेलं, बेगम हजरत महल लढत होती ती काय उगाच? हे दोन्ही एकाच वर्गात शिकवता येतं. हडसनचं मात्र मी समर्थन करणार नाही. तो मार्च 1858 मध्ये लखनौला मारला गेला आणि त्याची कबर शाळेच्या आवारात आहे. कबर राहू द्यावी, मेलेल्याशी काय भांडायचं. हाऊसच्या नावाबद्दल तुमच्याशी सहमत आहे, बदललं तर मी टाळ्या वाजवीन.

पण शाळा बदलू नका हो. तुम्ही मुख्याध्यापक होतात, सातवीतलं पोरगं वर्षभरात दुसऱ्यांदा हलवलं तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायचं का? त्यापेक्षा दर रविवारी फोनवर त्याला दुसरी बाजू सांगा. त्याला नुसती तोफ आणि कबर माहितीये, 1857 तुमच्याकडून कळू दे.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलंय की सिनेमाचा शोध लावणारे ल्युमिएर बंधू लखनौच्या शाळेत शिकले. खरं का? – पुणे

नाही. पण अफवा कुठून निघाली ते कळतंय. मार्टिनच्या पैशातून त्याच्या जन्मगावी लिआँलाही शाळा निघाली, तिचंही नाव ला मार्टिनिअर, आणि ल्युमिएर बंधू त्या शाळेत शिकले. त्यांची चित्रं मात्र मुंबईला पोचली, 7 जुलै 1896, वॉटसन हॉटेल. म्हणजे लखनौच्या नवाबाकडून कमावलेल्या पैशाची शाळा लिआँला आणि तिथल्या पोरांचा सिनेमा काळा घोड्याला. ग्रुपवर हे टाका, जास्त मजेशीर आहे.

प्रश्न : सर मी सातवीत आहे. मला 13 सप्टेंबरला भाषण करायचं आहे, तीन मिनिटं. आजोबा माझ्या शाळेवर चिडलेत. भाषण असं पाहिजे की टीचरना पण आवडेल आणि आजोबांना पण. काय बोलू? आईला सांगू नका मी लिहिलंय. – लखनौ

बाळा, आईला मी नाही सांगणार, पण ती हे सदर वाचते.

तू मुलांच्या परतीच्या प्रवासावर बोल, त्यावर कोणी बोलत नाही. नोव्हेंबर 1857 मध्ये इंग्रज सेनापती कॅम्पबेलने रेसिडेन्सी रिकामी केली. बायका, मुलं, जखमी आणि तुझ्या शाळेची मुलं अशी मैलच्या मैल लांब रांग कानपूरकडे निघाली. 27 तारखेला वाटेतच तोफांचे आवाज यायला लागले. कानपुरात इंग्रजांना कोंडीत पकडलं होतं तात्या टोपेंनी. हे आपले तात्या, मूळ येवल्याचे, नाशिक जिल्ह्यातले. मुलं गंगेवरचा होड्यांचा पूल ओलांडून पलीकडे गेली तेव्हा कानपूर शहर तात्यांच्या हातात होतं. पुढे ती अलाहाबादहून बनारसला गेली, शाळा तिथं भरली, आणि 1859 ला परत कॉन्स्टँशियाला आली.

तेव्हा त्या पुलावर उभा राहा आणि तिथून बोल. मागे रिकामी शाळा, जिथं संस्थापकाची कबर फोडलेली. पुढे तात्यांच्या तोफा. तुझ्याएवढाच मुलगा, पाच महिने दळण दळून हाताला घट्टे पडलेला. त्याला तात्यांची भीती वाटत असणार, आणि तात्यांना तो पुलावर आहे हे माहीतही नसणार.

तीन मिनिटं म्हणजे साडेतीनशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. 'तात्या टोपे' हा उच्चार नीट कर, तिकडे 'तांतिया' म्हणतात. आणि आदल्या रात्री आजोबांना फोनवर म्हणून दाखव, ते चुका काढतील, काढू दे.