अडीच वर्षांचं लेकरू अंगठा चोखतं. फ्रॉईडच्या हिशोबाने पुढे स्वभाव बिघडतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की कडुनिंबाचा पाला लावून दूध तोडलं तेव्हापासून पोरगी अंगठा चोखते. त्यात बी.एड. करणाऱ्या नणंदेने 'मुखावस्थेत अडकली, मोठेपणी परावलंबी होणार' असं सांगून तुमची झोप उडवली. आधी काळजीचं सांगतो. या वयात हे सर्रास दिसतं, बहुतेक लेकरं चारेक वर्षांपर्यंत आपोआप सोडतात. त्यापुढेही चाललं तर दातांच्या डॉक्टरला दाखवा.

आता फ्रॉईड, म्हणजे मनोविश्लेषणाची पद्धत काढणारा डॉक्टर. १९०५ मध्ये त्याने लैंगिकतेवरचे तीन निबंध छापले आणि पुढे बरीच वर्षं त्यात भर घालत राहिला. सुख शरीराच्या एका जागी एकवटतं आणि वयाबरोबर ती जागा बदलते, असं त्याचं म्हणणं. आधी तोंड (हीच तुमच्या नणंदेची मुखावस्था), मग तिसऱ्या वर्षापर्यंत शी-शू, मग लिंगावस्था, म्हणजे लक्ष लिंगाकडे. शाळेच्या वयात सगळं निजल्यासारखं आणि वयात आल्यावर जननावस्था, म्हणजे मोठ्या माणसांची लैंगिकता. एखाद्या टप्प्यावर फार आबाळ झाली किंवा फार लाड झाले, तर मन तिथेच थोडं अडकतं. डी.एड.ला आम्हीही हा तक्ता घोकलाय.

पण त्याने तो लेकरं बघून काढलेला नाही. व्हिएन्नात कोचावर पडून बोलणाऱ्या मोठ्या माणसांच्या आठवणींतून मागे जात जात तो तिथवर पोचला. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या हान्सची १९०९ ची गाजलेली केस घ्या. बाप टिपणं पाठवायचा, उपचारही बापाच्याच हातून. त्या काळात पोराची न् फ्रॉईडची भेट एकदाच. एवढ्यावरून अंगठ्यापासून स्वभावापर्यंत सरळ रेघ ओढणं मला पटत नाही.

दुसऱ्या, म्हणजे शी-शूच्या टप्प्यात अडकलेला माणूस हट्टी, चिक्कू आणि अति टापटिपीचा होतो म्हणे. आमच्या धारूरकडे आजी भिंतीला टेकून पाय पसरते, लेकराला दोन्ही पावलांवर उकिडवं बसवते आणि तोंडाने 'शूऽऽ' करत राहते. झालं तर झालं, नाही तर घटकाभराने परत. रागावणं नाही, वेळापत्रक नाही. तरी आमच्या गावात चिक्कू माणसं काही कमी नाहीत!

मला कामाला आला तो एरिक एरिकसन. अ‍ॅना फ्रॉईडकडे, म्हणजे फ्रॉईडच्या मुलीकडेच शिकलेला. १९५० च्या पुस्तकात त्याने लेकराभोवतीची माणसं पुढे आणली आणि टप्पे म्हातारपणापर्यंत नेऊन आठ केले. पहिल्या वर्षाचा प्रश्न भरवशाचा: रडलो तर कोणी येतं का? सहा ते बाराचा: मला काही जमतं का?

हा दुसरा प्रश्न मी बालाघाटाच्या डोंगरातल्या शाळेत फार जवळून बघितला. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊस तोडायला जातात. ज्यांची सोय आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात होत नाही ती लेकरं टोळीबरोबर जातात. दुसरीतली एक पोर गुढीपाडव्याच्या आसपास परतली. कागदावर 'अप्रगत'. पाटीवर वजाबाकी मांडली की मान खाली. एकदा सहज विचारलं, बैलगाडीत दोनशे मोळ्या भरायच्या, एकशे पस्तीस झाल्या, राहिल्या किती? मान वर करून म्हणाली, "पासष्ट. पण गुरुजी, एवढ्या गाडीत बसत न्हाईत."

फडावर हीच पोर धाकट्याला सांभाळून भाकरी थापायची. ढ झाली ती आमच्या वर्गात येऊन.

तुमच्या पोरीचा अंगठा तोंडात नेमका कधी जातो ते आठ दिवस बघा. झोपताना जात असेल तर पूर्वी दुधाच्या वेळी घ्यायचात तसं जवळ घ्या, थापटा, हातात तुमचं जुनं लुगडं द्या. पाहुणे आले की जात असेल तर सगळ्यांसमोर टोकू नका. आणि अंगठ्याला तिखट लावायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच, तो ऐकू नका. एकदा कडू लावून झालंय तिला.