भगवं भगवंच राहू द्या

प्रश्न: काकांनी २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह घरच्या स्कॅनरवर स्कॅन केल्या. साधूंची भगवी वस्त्रं मातकट आलीत, घाटाच्या पायऱ्या निळ्या. ऑटो कलर दाबलं की अजूनच बिघडतं. निगेटिव्ह खराब झाल्या का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: नाही हो, एवढ्यावरून निगेटिव्ह बाद ठरवू नका! घोळ बहुतेक त्या ऑटोचाच आहे. ते असं धरून चालतं की फोटोतले सगळे रंग मिसळले की साधारण राखाडी यायला पाहिजे, आता तुमची अर्धी फ्रेम भगवीच असेल तर त्याला वाटतं हा रंग चुकून चढलाय, मग तो उतरवायला निळा वाढवतं आणि भगवं जातं मातकट, दगड जातो निळा.

तेव्हा पुन्हा स्कॅन करा. कलर निगेटिव्ह निवडा, ऑटो करेक्शन बंद, रंगाची खोली ४८ बिट, फाइल टिफ प्रकारात सेव्ह. सिलेक्शन फोटोच्या आतच ठेवा, कडेची नारिंगी पट्टी आत आली की सॉफ्टवेअरचा हिशोब चुकतो. (तो नारिंगी रंग फिल्मचा मुळातलाच आहे, डाग नव्हे.)

मग गिंप या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स (फोटोतल्या उजेड-अंधाराचा ग्राफ दाखवणारी खिडकी) उघडून लाल, हिरवा, निळा असे चॅनल वेगवेगळे घ्या आणि दोन्ही टोकं ग्राफ सुरू होतो तिथपर्यंत ओढा. फक्त निळ्याचं उजवं टोक जपून, कारण भगव्या फ्रेममध्ये निळा मुळातच कमी असतो, तो ताणला की ऑटोचीच चूक आपण हाताने करतो.

आता खरी गंमत ग्रे पॉइंटची, म्हणजे फोटोतल्या मुळात बिनरंगी जागेवर क्लिक करून सॉफ्टवेअरला सांगायचं की हे राखाडी धर. आपल्याकडे देवळांचा नि घाटांचा काळा दगड आहे ना, त्याच्यासारखं माप नाही. कोरडा भाग घ्या, ओल्या पायरीत आभाळ उतरलेलं असतं, आणि शेंदूर, हळदकुंकू लागलेला तर नकोच. पांढऱ्या धोतरावर मात्र क्लिक करू नका, त्याला नीळ दिलेली असते, ती निळाई काढायला गेलात तर माणसांचे चेहरे पिवळे पडतात, हे मी स्वतः कितीतरी फोटोंवर बघितलंय. ग्रेनमुळे, म्हणजे फिल्मच्या रवाळपणामुळे, एकाच पिक्सेलवर विसंबू नका, सॅम्पल साइज (क्लिकभोवतीच्या किती पिक्सेलची सरासरी घ्यायची ते) थोडी मोठी ठेवा.

सावली निळी आणि उजेड पिवळा असं दोन्हीकडे वेगळं राहिलं तर कर्व्हज (सावली, मधला भाग, उजेड वेगवेगळे वाकवता येणारी रेघ) वापरा, लेव्हल्सने ते पुरतं निस्तरेलच असं नाही.

एक फ्रेम जमली की सेटिंग सेव्ह करून त्याच रोलच्या, त्याच उन्हातल्या फ्रेमना लावा. पहाटेच्या स्नानाच्या फ्रेम वेगळ्या करा, तिथला थोडा निळसरपणा खरा असतो, तो तसाच ठेवा.