बॅटरी बसली तर बाईक ढकलून चालू करायची कशी

भावा, सेल्फ नुसता टकटक करतोय ना? मग बटण दाबत बसू नको, उरलीसुरली बॅटरीही जाईल. किक असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर चावी चालू, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघ, बऱ्याचदा तोच बंद असतो!, दुसरा गिअर टाक. पहिल्यात मागचं चाक नुसतं फरफटतं. क्लच दाबून ढकलत पळ, वेग आला की सीटवर दणकन बस अन् त्याच क्षणी क्लच सोड. इंजिनानं धरलं की लगेच क्लच दाबून रेस दे. उतार मिळाला तर सोपं, पण मांजरसुंबा घाटात हा खेळ नको, मागून ट्रक येतात. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणजे पेट्रोल इंजिनात विजेवरच्या पंपानं जातं. बॅटरी पार मेली असेल तर तो पंपच फिरत नाही, कितीही ढकल.